प्रज्ञाची गिटार आणि तिसरी पिन

माझ्या दुकानात गिटार घ्यायला येणारा माणूस आधी किंमत विचारत असेल असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. तो आधी रंग विचारतो. माळेगावचा एक गडी मोबाइलवर आपल्या मोटरसायकलच्या टाकीचा फोटो घेऊन आला होता. ‘‘ह्येला मॅच हुईल असली द्या,’’ म्हणाला. एका जोडप्याला लग्नाआधीच्या फोटोंसाठी दोन दिवस गिटार भाड्यानं हवी होती. माझ्याकडे तेव्हा एकच मोकळी होती, आणि तिला तारा नव्हत्या. त्यांनी तीच नेली. पुढं त्यांच्या लग्नाला गेलो तर मांडवाच्या दारात हा मोठा फोटो. नवरदेव डोळे मिटून बिनतारांची गिटार वाजवतोय आणि नवरी मान कलती करून ऐकतेय. मी आहेर दिला, जेवलो आणि काही न बोलता घरी आलो.

बारामतीत तीस वर्षं वाद्यांचं दुकान चालवलं. सुरुवात पेट्या आणि ढोलक्यांची. भाता फाटला, पान सुटलं, सूर उतरला, की लोक माझ्याकडे येत. इलेक्ट्रिक गिटारी पुष्कळ नंतर आल्या. त्या दुरुस्त करता करता विकायलाही लागलो. गेल्या वर्षी दुकान मुलीच्या हवाली केलं. आता दुपारी दोन तास जाऊन बसतो आणि तिच्या कामात लुडबुड करतो.

नवशिक्याला गिटार विकणं सोपं असतं, आणि पैसेवाल्याला त्याहून सोपं. अवघड गिऱ्हाईक तिसरं. जे आधीपासून वाजवतं, ज्याचा हात तयार झालाय, ज्याला जुन्या वाद्याचा रोज त्रास होतो आणि ज्याच्या खिशात मोजके पैसे आहेत. त्याला चुकायची सोय नसते. त्यानं एकदा चुकीची घेतली की पुढची चार-पाच वर्षं तीच गळ्यात. प्रज्ञा तसलं गिऱ्हाईक होती.

ती इंदापूरच्या एका दवाखान्यात नर्स होती. वय असेल अठ्ठावीस. तिचे वडील पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांना सगळे तात्या म्हणत, तीसुद्धा. तात्यांचा गाण्याचा ग्रुप होता. जयंतीच्या दिवसांत त्यांना इंदापूर, भिगवण, पार टेंभुर्णीपर्यंत बोलावणी असत. आवाज असा की माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत जाईल. त्यांच्या ग्रुपमधला कीबोर्डवाला नोकरीसाठी पुण्याला गेला आणि सगळी चाल प्रज्ञाच्या गिटारीवर येऊन पडली. तिच्याकडे होती ती शिकायला घेतलेली पाच हजारांची.

एका दुपारी बापलेक दोघं एसटीनं आले. प्रज्ञानं जुन्या साडीच्या खोळीतून गिटार काढून काउंटरवर ठेवली.

‘‘काका, दुसऱ्या गाण्यापर्यंत टिकते. तिसऱ्याला सूर उतरतो. गाण्याच्या मधे मी खुंट्या पिळत बसते आणि तात्या माझ्याकडे बघतात.’’

‘‘बगतो म्हंजे?’’ तात्या म्हणाले. ‘‘मी वरच्या पट्टीत, ही खालच्या. लोकांनी कुणाचं ऐकायचं?’’

‘‘बजेट किती?’’ मी विचारलं.

‘‘अठरा हजार. त्यात सगळं.’’ हे पैसे तिनं जादा ड्युट्या करून साठवले होते. एक रुपयाही वर नाही, हे तिनं न बोलता चेहऱ्यावरून सांगितलं.

ती इंटरनेटवर बघून सात नावांची यादी घेऊन आली होती. मी यादी बाजूला ठेवली आणि आधी तिची जुनी गिटार तपासली. माझी ती पद्धत होती. नवीन कुठली घ्यायची ते जुनी सांगते. मी गिटार डोळ्यासमोर धरून दांडा बघितला, सुतार फळी बघतो तसा. तो बाकला होता. दांड्यावरच्या बाराव्या पट्टीवर तार दाबून सूर घेतला. मग त्याच जागी नुसतं बोट टेकवून घेतला. दोन्ही सूर एकच यायला पाहिजेत. इथं दोघांचं भांडण होतं. खुंट्या ढिल्या होत्या. हात मात्र या गिटारीवर पुष्कळ फिरला होता. पहिल्या तीन पट्ट्या तारांनी खाऊन टाकल्या होत्या.

‘‘पोरगी मेहनती हाय,’’ मी तात्यांना म्हणालो.

‘‘ते मला ठावं हाय. गिटारीचं बोला.’’

मी तिच्यासमोर तीन गिटारी ठेवल्या. पहिली लाल, चकचकीत, नवी. तिला आवाज हेलकावणारी ती दांडी होती, जी पोरं व्हिडिओत ओढताना दिसतात. किंमत सतरा हजार. दुसरी पुण्याच्या एका हौशी माणसाची वापरलेली, सोळा हजारांची. तिसरी साधी, मातकट रंगाची. तिला दांडी नाही, झगमग नाही, तारा सरळ लाकडात बसवलेल्या. साडेचौदा हजार.

प्रज्ञाचा हात लाल गिटारीकडे गेला. मी तो धरला नाही, पण म्हणालो, ‘‘डोळं मीट. मी एकेक हातात देतो. रंग बघू नको.’’

ती स्टुलावर डोळे मिटून बसली. मी एकेक गिटार दिली. तिनं तिन्हीवर एकच चाल वाजवली, दोनदा. मग मधली परत मागितली, मग शेवटची परत मागितली. तात्या तोंड मिटून ऐकत होते. शेवटची गिटार ती पाच मिनिटं न थांबता वाजवत राहिली.

‘‘ही,’’ ती म्हणाली, आणि डोळे उघडले. हातात मातकट होती. तिचा चेहरा पडला.

‘‘लाल नाही का ही?’’

‘‘न्हाय.’’

मी तिला समजावलं. ती दांडी स्वस्त गिटारीला लावली की एकदा ओढल्यावर तारा पहिल्या जागी परत येत नाहीत, सूर उतरतो. म्हणजे जुनं दुखणं नव्या रंगात. अठरा हजारांत घ्यायची तर पैसे दांड्यात आणि खुंट्यांत गेले पाहिजेत, रंगात नाही. तिनं लाल गिटारीकडे एकदा बघून घेतलं. तात्या म्हणाले, ‘‘डोळं मिटून जी घावली ती खरी.’’ ठरलं.

इथपर्यंत मी माझ्या धंद्याला जागलो. ही निवड बरोबर होती, आजही सांगतो. पुढं जे केलं ते सांगायचं म्हणून हा लेख लिहायला घेतला.

तिच्याकडे साडेतीन हजार उरले होते. ‘‘काका, यात बसेल असा अँप आहे?’’ तिनं विचारलं. अँप म्हणजे ज्यातून गिटारीचा आवाज येतो तो खोका. खरं तर तिला अँपची गरज नव्हती. कार्यक्रमात भाड्याचा साउंड असतोच. अडीच हजारांची एक छोटी डबी मिळते. गिटारीची वायर तिच्यात घालायची आणि तिथून आवाज सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरला द्यायचा. ती डबी माझ्या काचेच्या कपाटात होती. मला ते माहीत होतं. पण दुकानाच्या कोपऱ्यात सहा महिन्यांपासून एक वापरलेला अँप जागा अडवून बसला होता. कॉलेजातून निवृत्त झालेल्या एका सरांनी तो विकायला ठेवला होता.

‘‘हाय की,’’ मी म्हणालो. ‘‘तीन हजारांत देतो. भारी आवाज हाय.’’

अँप लावून दाखवला. आवाज खरंच चांगला होता. दोघं खूश होऊन गेले. कोपरा मोकळा झाला म्हणून मीही खूश.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. मी एका भजनी मंडळाची पेटी उघडून बसलो होतो. समोर चार माणसं.

‘‘काका, आज साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडून प्रॅक्टिस करतोय. अँपमधून सारखं घूंऽऽ येतंय. परवा भिगवणला जयंतीचा कार्यक्रम आहे.’’

मला त्याचं कारण माहीत होतं. अँप आणि मिक्सर दोन्ही जमिनीला जोडलेले असले की कधीकधी असा आवाज घुमतो. नीट उपाय करायला जरा वेळ लागतो. धंद्यातले सगळे करतात तो उपाय दहा सेकंदांचा आहे.

‘‘टॉपची तिसरी पिन सोडून दे,’’ मी म्हणालो. ‘‘दोन पिनांचा टॉप लाव. जाईल आवाज.’’

टॉप म्हणजे आपण भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसतो तो. त्यातली जाड, लांब पिन अर्थिंगची. यंत्रात कुठं वीज गळली तर ती त्या पिनेतून जमिनीत जाते, माणसातून जात नाही. तेवढ्यासाठीच ती असते. ती काढली तरी यंत्र चालतं, म्हणून लोकांना ती फालतू वाटते. मला फालतू वाटायचं कारण नव्हतं.

पाच मिनिटांत पुन्हा फोन. ‘‘गेला आवाज! काका, जादू आहे तुमच्याकडे.’’ समोरच्या चार माणसांना मी ते हसत हसत सांगितलंसुद्धा.

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला ते कॉलेजवाले सर दुकानात आले. नातवाच्या गिटारीला तारा हव्या होत्या. जाता जाता म्हणाले, ‘‘आमचा अँप गेला का शेवटी? बरं झालं. झटका द्यायचा तो.’’

‘‘झटका?’’

‘‘आमच्या जुन्या घरात अर्थिंग नव्हतं ना. हात लावला की चांगला झटका बसायचा. पावसाळ्यात तर जास्तच.’’

‘‘सर, हे तुम्ही मला सांगितलं नाही.’’

‘‘सांगितलं असतं तर तुम्ही भाव पाडला असता,’’ ते म्हणाले. आणि हसले.

मला हसू आलं नाही. माझ्या दुकानात अर्थिंग पक्कं आहे. अँपमध्ये गळणारी वीज तीन पिनांच्या टॉपमधून मुकाट जमिनीत गेली असणार, म्हणून मला ती कळली नाही. प्रज्ञाच्या टॉपला मात्र आता दोनच पिना होत्या. इलेक्ट्रिक गिटारीच्या तारा आतून अँपच्या पत्र्याला जोडलेल्या असतात, घरघर कमी यावी म्हणून. अँपचा पत्रा विजेनं भरला तर तारा भरल्या. वाजवणारा नुसता वाजवत राहिला तर कदाचित निभावतं. पण हात तारांवर असताना त्याचा ओठ माईकच्या जाळीला लागला, की वीज हातातून शिरते आणि ओठातून बाहेर पडते. मधे छाती असते.

कार्यक्रम साडेसहाला होता.

प्रज्ञाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तात्या तर फोन घरीच ठेवायचे, गाण्यात व्यत्यय नको म्हणून. साउंडवाला कोण ते माहीत नव्हतं आणि भिगवणमध्ये ज्याचा नंबर माझ्याकडे आहे असं कुणी नव्हतं. मी टेस्टर आणि पक्कड घेतली. कपाटातली ती डबी पिशवीत टाकली आणि मोटरसायकल काढली.

बारामती-भिगवण रस्ता मी आयुष्यात शेकडो वेळा केला असेन. त्या दिवशी तो संपेना. हंगाम सरत आला होता तरी उसाच्या डबल ट्रॉल्या पुढं डुलत होत्या. एकीला ओलांडावं तर पुढं दुसरी. दोनदा कडेला थांबून फोन केला. दुसऱ्यांदा तिचा फोन बंद लागला. डोक्यात एकच हिशेब चालू होता. ती गाते का? मला आठवत होतं तसं ती गात नव्हती, नुसती वाजवायची. नुसती वाजवली तर निभावेल. नुसती वाजवली तर निभावेल. हे मी मोठ्यानं म्हणत होतो. शेजारून जाणारा एक ट्रॅक्टरवाला माझ्याकडे वळून बघत राहिला.

भिगवणच्या अलीकडे पाण्याचा वास आला आणि पाठोपाठ तात्यांचा आवाज. आवाजाच्या मागं गिटार. गिटार वाजत होती, म्हणजे ती उभी होती. मी त्या आवाजाच्या दिशेनं गाडी घातली. गल्लीत शिरलो आणि गिटार थांबली.

गाडी तशीच सोडली. गाडी उभी राहिली की पडली ते मी पाहिलं नाही. टाळ्या ऐकू आल्या तेव्हा कळलं की गाणं संपलं होतं, एवढंच.

मोकळ्या पटांगणात मांडव होता. धुरळा बसावा म्हणून दुपारी टँकरनं पाणी मारलेलं. स्टेजवरच्या सतरंज्या कडेनं भिजलेल्या. मागं प्रतिमा होती, तिच्यापुढं कुणी चप्पल घालून उभं राहत नाही. प्रज्ञा निळ्या साडीत, अनवाणी, गळ्यात ती मातकट गिटार. आणि तिच्यासमोर माईक. मी येईपर्यंत कुणीतरी तिच्यासमोर माईक आणून ठेवला होता.

तात्या बोलत होते, ‘‘आता पुढचं गाणं माझी लेक म्हननार हाय. पहिल्यांदाच म्हनतीय. सांभाळून घ्या.’’

मी ओरडलो. माझ्यापुढं चारशे माणसं टाळ्या वाजवत होती. बायका पुढं दाटीनं बसलेल्या, पोरं त्यांच्या मांडीवर. तिथून वाट नव्हती. प्रज्ञानं एक तार छेडली आणि माईककडे एक पाऊल टाकलं. डाव्या अंगाला, कनातीच्या मागं जनरेटर धडधडत होता. मी तिकडं पळालो. जनरेटरवाला खुर्चीत बसून चहा पीत होता. त्याला काही न सांगता मेन स्विच खाली ओढला.

सगळं विझलं. तिन्हीसांज होती, माणसांच्या आकृत्या तेवढ्या दिसत होत्या. एकदम गलका झाला. जनरेटरवाल्यानं माझी कॉलर धरली. चार पोरं धावत आली.

‘‘कोण हाय रं ह्यो?’’

‘‘कार्यक्रम बंद पाडायला आलाय. हाणा त्येला!’’

एकानं माझा हात पाठीमागं पिळला. मी एवढंच ओरडत राहिलो, ‘‘प्रज्ञा, गिटार काढून ठेव! माईकला हात लावू नको!’’ त्यांना ते दारूड्याचं बोलणं वाटलं असणार. एक चापट बसली. तेवढ्यात स्टेजवरून तात्यांचा आवाज आला, बिनमाईकचा.

‘‘सोडा त्यास्नी. ह्यो बारामतीचा मधू मिस्त्री हाय. काय झालं, मधू?’’

मला ओढतच स्टेजवर नेलं. जयंती मंडळाचा अध्यक्ष तिशीचा तरुण होता. फार रागात होता. मी म्हणालो, ‘‘गिटार त्या खुर्चीवर ठेवा. कुणी हात लावू नका. मग लाइट चालू करा. मी खोटा निघालो तर मला काय करायचं ते करा.’’

प्रज्ञानं गिटार गळ्यातून काढून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवली. जनरेटर चालू झाला. स्टेजवरचे दिवे लागले. मी टेस्टरचं टोक गिटारीच्या जाड तारेला लावलं आणि वर हाताचा आडोसा केला. तात्या वाकले. अध्यक्ष वाकला. टेस्टरमधला लाल दिवा पेटला होता.

ज्या पोरानं चापट मारली होती तो मागं सरकला. प्रज्ञा त्या दिव्याकडे बघत होती. मग तिनं आपल्या हाताकडे बघितलं.

‘‘मगापासून बोटांना मुंग्या येत होत्या,’’ ती हळू म्हणाली. ‘‘मला वाटलं, पहिल्यांदा गायचं म्हणून.’’

मी मेन बंद करायला लावला, अँपची वायर उपसली आणि अँप लांब ठेवला. दिवे परत लागले तेव्हा अध्यक्षानं माईक घेतला होता. काय झालं असतं आणि ते कसं टळलं हे तो लोकांना सांगत होता. पाहुण्यांसाठी आणलेली एक शाल उरली होती, ती माझ्या खांद्यावर आली. नारळ हातात आला. टाळ्या थांबेनात. कुणीतरी माईक माझ्या तोंडापुढं धरला.

‘‘मी काय विशेष केलं न्हाय,’’ मी म्हणालो. ‘‘माझं काम केलं.’’

आणि शाल सावरत खाली उतरायला लागलो. हे मी केलं. त्या दोन पायऱ्या मी उतरलो.

स्टेजच्या कडेला प्रज्ञा अँपची वायर गुंडाळत होती. वायरच्या टोकाला तो दोन पिनांचा टॉप होता. तात्या तिच्याजवळ जाऊन विचारत होते, ‘‘असं कसं झालं गं? कुनी केलं ह्ये?’’

तिनं टॉप मुठीत झाकला. ‘‘माझ्याच हातून झालं, तात्या. मीच चुकीचा टॉप लावला.’’ तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी परत वर चढलो. अध्यक्षाच्या हातून माईक घेतला. म्हणालो, ‘‘ह्यो अँप मी विकला. नीट तपासला न्हाय. पोरीला अँपची गरज नव्हती, तरी विकला. तिसरी पिन काढ म्हणून फोनवर मीच सांगितलं. तिची चूक न्हाय. शाल घ्या परत.’’

शाल घ्यायला कुणी पुढं आलं नाही. मी ती घडी करून खुर्चीवर ठेवली. मागं कुठंतरी कढईत काही तळत होतं ते ऐकू येत होतं. तात्या माझ्यासमोर येऊन उभे राहिले. माझ्यापेक्षा वीतभर बुटके. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

‘‘मधू,’’ ते म्हणाले, ‘‘आदी पोरीची गिटार वाजती कर. लोकं बसल्याती. आपलं मागनं बघू.’’

मी पिशवीतून डबी काढली. गिटारीची वायर डबीत, डबीतून मिक्सरमध्ये. अँप नाही, म्हणून तो घूं आवाजही नाही. दहा मिनिटांचं काम. तारांना टेस्टर लावला. दिवा लागला नाही. माईकच्या जाळीला लावला. नाही लागला. प्रज्ञा गिटार घ्यायला पुढं आली.

‘‘थांब,’’ मी म्हणालो.

मी चपला काढल्या. ओल्या सतरंजीवर उभा राहिलो. डाव्या हाताच्या मुठीत सगळ्या तारा धरल्या आणि उजव्या हातानं माईकची जाळी पकडली. काही झालं नाही. मी तसाच उभा राहिलो, लोकांना दिसेल इतका वेळ. मग गिटार तिच्या हातात दिली.

ती लगेच माईकपाशी गेली नाही. आधी नुसती चाल वाजवली. मी तिच्या बोटांकडे बघत होतो. पहिल्या फेरीत बोटं तारांवर टेकायला बिचकत होती. दुसऱ्या फेरीत टेकली. मग तिनं डोळे मिटले, पाऊल पुढं टाकलं आणि गायला लागली. आवाज वडिलांचा नव्हता. बारीक होता, पण सुरात होता. तात्या बाजूला उभे राहून टाळी धरत होते. त्यांची टाळी एकदाच चुकली.

कार्यक्रम संपल्यावर सामान टेम्पोत चढत होतं. मी तात्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी मला वाकू दिलं नाही.

‘‘माझ्याकडनं न्हाय,’’ ते म्हणाले. ‘‘मी काय माफ करनार? जीव तिचा व्हता.’’

प्रज्ञा गिटार खोळीत घालत होती. मी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो. तीच बोलली.

‘‘काका, मी नर्स आहे. असे पेशंट मी पाहिलेत. किती वेळ लागतो ते मला माहीत आहे.’’ खोळीची नाडी बांधून तिनं वर पाहिलं. ‘‘तुम्ही आलात. नसता आलात तरी कुणाला कळलं नसतं की फोनवर तुम्ही काय म्हणाला होतात. मलाच माहीत होतं फक्त.’’



ती डबी तिच्याकडेच राहिली. अँप मी परत आणला आणि दुकानामागं त्याचा पत्रा उघडून ट्रान्सफॉर्मर बाहेर काढला. आतलं वेष्टण जळून काळं पडलं होतं. विकण्याआधी दहा मिनिटं उघडून पाहिला असता तरी दिसलं असतं.

प्रज्ञा त्यानंतर दुकानात आली नाही. तारा आता ती पुण्याहून मागवते, असं साउंडवाल्याकडून कळलं. गिटार तीच आहे. आता ती कार्यक्रमात चार-चार गाणी म्हणते आणि सूर उतरत नाही, असंही तो म्हणाला. ते ऐकून मला बरं वाटलं. त्यावर मी जास्त काही विचारलं नाही.

त्या आठवड्यात मी एक काम काढलं. तीस वर्षांत तिसरी पिन काढायचा सल्ला मी आणखी कुणाकुणाला दिला ते आठवून एकेकाला फोन करायला लागलो. बँडवाले, शाळा, मंगल कार्यालयं, भजनी मंडळं. काही जण हसले. ‘‘मिस्त्री, तुमीच तर सांगितलं व्हतं.’’ काहींनी मी फोनवर असतानाच पिन बसवली. काहींचे नंबर बदलले होते, तिथं मी स्वतः गेलो.

लोणी भापकरच्या एका भजनी मंडळाला मी असाच सल्ला देऊन अँप विकला होता, निळ्या जाळीचा. मंडळाचे आबा आता ऐंशीच्या घरात आहेत. ओट्यावर बसले होते. मी विचारलं तर त्यांनी बराच वेळ आठवलं.

‘‘त्यो व्हय? त्यो इकला की. मागल्या साली बाजारात.’’

‘‘कुणाला?’’

‘‘एक मानूस आला व्हता. नाव न्हाय इचारलं. देवळात लावाय पायजे म्हनला.’’

‘‘कुठल्या गावाचा?’’

आबांनी हात नदीच्या बाजूला केला, मग थोडा सरकवून रस्त्याच्या बाजूला केला, आणि शेवटी खाली ठेवला.

तेव्हापासून कुठल्याही देवळात भजन ऐकू आलं की मी आत जातो. नमस्कार करतो आणि खांबामागं जाऊन अँपची जाळी कुठल्या रंगाची आहे ते बघतो. आतापर्यंत काळ्या पुष्कळ सापडल्या, दोन राखाडी. निळी अजून सापडलेली नाही.